माती विकत घ्यायची गोष्ट नाही

धुळे-जळगावच्या नर्सऱ्यांमध्ये आता रोपांच्या शेजारी मातीही पाकिटात मिळते. ‘पॉटिंग मिक्स’ची पिशवी, विटेसारखं दाबलेलं कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि प्रत्येकावर ‘सेंद्रिय’ असा हिरवा शिक्का. घरी चार कुंड्या लावायच्या म्हटलं तरी रोपांपेक्षा मातीचंच बिल मोठं होतं. मग पहिल्याच उन्हाळ्यात रोपं जळतात, पैसे वाया जातात आणि ‘आपल्याकडच्या उन्हात काही होत नाही’ असं म्हणून कुंड्या जिन्याखाली जातात. मोहल्ल्यातल्या अनेक घरांत मी हे पाहिलंय.

माझं म्हणणं साधं आहे. खान्देशात राहून बागेसाठी माती विकत घेणं ही उलटी गोष्ट आहे. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो केरळ-तामिळनाडूकडून शेकडो मैल ट्रकने येतो. नारळाच्या मुलखात तो टाकाऊ माल आहे, म्हणून तिथल्या लोकांनी त्याचा उपयोग शोधला. आपला टाकाऊ माल वेगळा आहे. इथे कापूस संपला की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडतात, काही चुलीत जातात, बाकीचे शेतातच पेटवले जातात. रावेर, यावल, चोपड्याकडे घड उतरला की केळीचं खोड कापून टाकलं जातं. फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ होते आणि गल्लोगल्ली झाडून तिला काडी लावली जाते. घरातला भाजीचा कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून घंटागाडीत जातो. एवढं सगळं जाळून आणि फेकून आपण दुसऱ्या राज्यातून भुसा मागवतो.

इंदूरचा धडा

कंपोस्ट हे परदेशी खूळ किंवा बंगलेवाल्यांचा छंद आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. खरं तर आज जगभर जे सेंद्रिय शेतीचे धडे दिले जातात, त्यांतला एक मोठा धडा आपल्या शेजारी तयार झाला. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर, सेंधवा ओलांडत गेलं की काही तासांत इंदूर येतं. तिथे 1924 मध्ये कापसाच्या संशोधनासाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1931 पर्यंत तिचे प्रमुख होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न अगदी खान्देशी होता. कापसाच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत. शेण आहे, पण त्याच्या गोवऱ्या होऊन ते चुलीत जातं. मग जमिनीला खायला काय द्यायचं?

उत्तर शोधताना त्यांनी पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यांवर पसरल्या. त्यांच्यावरून बैलगाड्या जात राहिल्या आणि काड्या चिरडून मऊ झाल्या. हा चुरा, पालापाचोळा, थोडं शेण, गोठ्यातली मुतारी माती आणि चुलीतली राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचले, ओल राखली, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली केला. सुमारे 90 दिवसांत काळंभोर, भुसभुशीत खत हाती आलं. हीच ‘इंदूर पद्धत’. 1931 मध्ये या कामावर पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्या नावासोबत यशवंत वाड हे त्यांच्या सहकाऱ्याचं नाव आहे. जगाने हॉवर्ड लक्षात ठेवले. वाडांचं नाव मराठी मुलखातही क्वचितच ऐकू येतं. हॉवर्ड मात्र उघड सांगत की इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले शिक्षक होते.

मुस्लीम वाचकांसाठी आणखी एक संदर्भ द्यायला हवा. अकराव्या शतकात तुलेतुला, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या टोलेडोत, इब्न बस्साल यांनी शेतीवर ग्रंथ लिहिला आणि मातीचे दहा प्रकार सांगितले. पुढच्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी ‘किताब अल-फिलाहा’ लिहिली. तिच्यात माती, खत आणि पाणी यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. अंदलुसच्या राजवाड्यांची आणि कारंज्यांची आठवण आपण जलशांमधून काढतो, पण त्या बागांखालची माती ज्यांनी घडवली त्यांची आठवण कुणी काढत नाही. वारशाचा अभिमान बाळगायचा असेल तर त्यातलं एखादं काम आपल्या हातांनाही यायला हवं.

आधी माती, मग रोप

खान्देशची काळी माती कसदार आहे, म्हणून शेतातून दोन घमेली आणून थेट कुंडीत भरायची, हा सर्रास होणारा प्रकार. बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती ओली झाली की फुगते आणि चिकट होते, सुकली की आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतात हा तिचा गुण आहे, कारण ती ओल धरून ठेवते. कुंडीत मात्र पावसाळ्यात पाणी साचून मुळं सडतात आणि मेमध्ये तीच माती विटेसारखी कडक होते. शिवाय ओल्या मातीचा एक घनफूट 45 ते 50 किलो भरतो. जुन्या स्लॅबवर असं वजन टाकणं शहाणपणाचं नाही, पत्र्याच्या छपरावर तर विचारच नको.

म्हणून मी सांगतो ते प्रमाण असं : एक भाग काळी माती, एक भाग घरचं खत आणि एक भाग पऱ्हाटीचा चुरा, ज्वारीचं बारीक केलेलं चिपाड किंवा अर्धवट कुजलेला पाला. ही माती हलकी असते, पाणी धरते आणि जादा पाणी सोडूनही देते. कोकोपीट जे काम करतं ते आपला पाला करतो, फुकटात.

आता खताचं. पाच माणसांच्या घरात रोज साधारण पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला झाकणाची मोठी बादली किंवा जुना ड्रम पुरतो. तळाला आणि चारी बाजूंना भोकं पाडा. फक्त त्या ड्रममध्ये पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन नसावं. खाली चार बोटं काड्यांचा थर द्या. त्यावर रोजचा कचरा : भाजीची देठं, फळांच्या साली, कांद्याची टरफलं, चहाचा धुतलेला चोथा, अंड्यांच्या टरफलांचा चुरा. प्रत्येक वेळी ओल्याच्या दुप्पट ते तिप्पट सुका पाला वर टाका. कंपोस्ट बिघडतं ते बहुतेक इथेच, कारण लोक ओलं टाकतात आणि सुकं विसरतात. सुरुवातीला विरजण म्हणून दोन ओंजळी जुनं खत किंवा झाडाखालची माती आणि थोडं आंबट ताक घाला.

पुढची सगळी परीक्षा मुठीत आहे. मूठभर माल घेऊन दाबा. पिळलेल्या फडक्याइतका ओलसर लागला, एखादाच थेंब आला, तर ठीक. पाणी गळलं तर पाला वाढवा. हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. घाण वास म्हणजे ओल जास्त, मुंग्या म्हणजे कोरडेपणा जास्त. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करा. आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा ढीग कुजण्याआधी वाळतो, म्हणून उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट हवं आणि ड्रम सावलीत हवा. मटण, हाडं, मासळी, तेलकट रस्सा आणि उरलेली बिर्याणी यांत टाकू नका. उंदीर, मांजर आणि दुर्गंध एकाच वेळी घरी येतील.

वेळेचं गणितही इथल्या ऋतूंशी जुळतं. फाल्गुनात पानगळ असते आणि कापसाचे फड मोकळे होतात. तेव्हा पहिला ड्रम भरायला घेतला तर 90 दिवसांनी मृग नक्षत्र उंबरठ्यावर असतं. तीन महिन्यांचा कचरा आटून चौथा-पाचवा हिस्सा उरतो. त्यात काळी माती आणि चुरा मिसळला की वीस लिटरच्या पाच-सहा बादल्या भरतात. पावसाळ्यात गिलके, दोडके, वाल लावावेत. थंडीत मेथी, पालक, पोकळा, कोथिंबीर घ्यावी. मिरची, पुदिना आणि कढीपत्ता बारमाही. आसोदा आणि बामणोदची भरताची वांगी तर आपली शान. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्याचं एक रोप मोठ्या बादलीत घरीही फळ देतं. उन्हाळ्यात हाव धरू नये. हिरव्या जाळीखाली चार रोपं जगवली तरी पुरे.

मोहल्ल्यात काय आहे?

‘आमच्याकडे जागा नाही, अंगण नाही’ हे मला सतत ऐकावं लागतं. दाट वस्तीतली, यंत्रमागांच्या शेजारची, दोन खोल्यांची घरं मला माहीत आहेत. तिथे बंगल्याची बाग होणार नाही. पण मातीला लागणारा माल मोहल्ल्यात जितका आहे तितका कॉलनीत नाही. कोपऱ्यावर बागवानांच्या हातगाड्या असतात. संध्याकाळी कोबीची पानं, कोथिंबिरीच्या काड्या, नासलेली फळं गटारीत जातात. घराघरांत शेळ्या-बकऱ्या पाळलेल्या असतात. लेंडीखत हे शेतकरी पैसे देऊन घेतो आणि आपण ते झाडून उकिरड्यावर टाकतो. रमजानमध्ये महिनाभर इफ्तारच्या कलिंगड-खरबुजाच्या साली निघतात. बकरी ईदच्या आधी दहा-पंधरा दिवस दारोदार चारा आणि लेंड्या पडलेल्या असतात. कुर्बानीचं रक्त-मांस-हाडं पालिकेच्या व्यवस्थेतच जायला हवीत, त्यात हयगय नको. पण चारा आणि लेंड्या त्या ढिगात मिसळण्याचं काहीच कारण नाही.

पाण्याचंही तसंच. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, काही भागांत तर कित्येक दिवस वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी कुंड्यांना पाणी द्या म्हणणं लोकांना चेष्टा वाटते. पण मशिदीत दिवसातून पाच वेळा वजूचं पाणी वाहतं, त्यात ना साबण ना तेल. फिकहच्या दृष्टीने हे वापरलेलं पाणी पाक आहे, फक्त त्याने पुन्हा वजू करता येत नाही. झाडाला घालायला काहीच हरकत नाही. हदीसमध्ये नोंद आहे की पैगंबर (स.) एक मुद, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात वजू करत. आपण तोटी मोकळी सोडून त्याच्या कितीतरी पट पाणी गटारीत घालवतो. वजूखान्याच्या नालीला एक पाइप जोडून खाली टाकी ठेवली तर मशिदीच्या भिंतीलगत दहा-वीस झाडं सहज जगतील. हे काम कुठल्याही कमिटीला एका जुम्याच्या चंद्यात जमेल.

एका वयस्कर खालांनी मला अडवून विचारलं होतं, “बेटा, छत पे कचरा सडायेगा तो नमाज कहां पढेंगे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. पाकीची चिंता आपल्या घरांत खरी आहे. पण झाकलेल्या ड्रममध्ये भाजीच्या साली आणि सुका पाला असतो, त्यात नापाक काही नाही. शेण-लेंडीचा प्रश्नही फुकहांनी शतकांपूर्वी हाताळलाय. हनफी फिकहमध्ये खतासाठी शेणाची खरेदी-विक्री जायज मानली गेली, कारण लोकांची शेती त्यावर चालते. ड्रम एका कोपऱ्यात आणि जानमाज दुसऱ्या, एवढी व्यवस्था पुरते. झाड लावणाऱ्याच्या झाडावरून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, ही हदीस आपण मुलांना पाठ करून देतो. ती पाळायला जागा शोधली तर सापडते.

हे काम कुणाचं?

इथे मला एका गोष्टीवर बोट ठेवायचं आहे. घरच्या बागेचं कौतुक करणारे बहुतेक लेख पुरुष लिहितात आणि काम बायकांच्या गळ्यात पडतं. पाणी भरणं तिच्याकडे आहेच, कचरा वेगळा करणंही तिच्याकडे. आता ड्रम ढवळणं आणि कुंड्या उचलणंही तिच्याकडे जाणार असेल, तर अशी बाग न झालेली बरी. ड्रम वरखाली करणं, पाला गोळा करणं, पाण्याची बादली वर नेणं हे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी अंगावर घ्यावं. चौकात तासभर बसणाऱ्यांना आठवड्यातली पंधरा मिनिटं जड नाहीत.

दुसरं, बागेकडून खोट्या अपेक्षा नकोत. पाच-सहा बादल्यांत घरची भाजी पिकत नाही. बाजार सुटणार नाही आणि सुटूही नये, कारण त्या हातगाडीवर आपल्याच भाईबंदांची चूल पेटते. घरी कोथिंबीर, पुदिना, मिरची, आठवड्यातून एखादी पालेभाजी आणि हंगामात चार वांगी मिळतील. पानं किडली तर मूल विचारेल की कीड का लागते, आणि बाजारातल्या पानाला का लागत नाही. फवारणीबद्दल घरात बोलणं इथून सुरू होतं. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ते बोलायलाच हवं.

मोठी गरज वेगळीच आहे. शहराच्या कचऱ्यात जवळपास निम्मा भाग ओला असतो. तो सुक्यात मिसळला की सगळंच सडतं आणि हातमोज्यांशिवाय ते उपसणारा सफाई कामगार आजारी पडतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. किती घरांत हे होतं, ते घंटागाडीत डोकावलं की दिसतं. आपल्या वस्त्यांवर ‘घाण मोहल्ला’ असा शिक्का आहे. त्यात पालिकेच्या दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे. जिथे गाडी वेळेवर येत नाही, गटार वर्षात एकदा निघते, तिथे लोकांच्या सवयींकडे बोट दाखवणं सोपं असतं. घरी कंपोस्ट केल्याने पालिकेची जबाबदारी कमी होत नाही. उलट आपला ओला कचरा आपण जिरवतोय, असं वॉर्डातली पन्नास घरं दाखवू शकली, तर उरलेल्यासाठी गाडी रोज पाठवा ही मागणी ठणकावून करता येते. नुसत्या निवेदनापेक्षा अशा मागणीला वजन असतं.

हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं याचा दाखला मुंबईत आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज भाजीचा ढीगभर कचरा निघायचा. 2002 च्या सुमारास प्रीती पाटील आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्याच इमारतीच्या गच्चीवर तो कचरा कुजवून माती केली आणि फळझाडं, भाज्या उभ्या केल्या. या धाग्याचं मूळ कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’त आहे. गणिताच्या या प्राध्यापकाने शेतकऱ्यांना सांगितलं की प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही, निरीक्षण आणि एकमेकांना सांगणं लागतं. पोर्ट ट्रस्टचं स्वयंपाकघर हे करू शकलं, तर आपल्या मदरशांची, वसतिगृहांची आणि शादीखान्यांची स्वयंपाकघरं का करू शकणार नाहीत? तिथे एका जेवणावळीत निघणारी भाजीची देठं आणि साली एका घराच्या महिन्याभराच्या कचऱ्याहून जास्त असतात. मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायलाही याहून चांगला वर्ग मिळणार नाही.

म्हणून या हंगामात तीन गोष्टी करा. नर्सरीतून रोप किंवा बियाणं आणा, पण मातीची पिशवी दुकानातच राहू द्या. गल्लीतला पाला पेटवण्याआधी दोन गोण्या भरून ठेवा. आणि जुम्याला मशिदीच्या कमिटीतल्या कुणाला तरी वजूच्या पाण्याबद्दल विचारा. उत्तर नकारार्थी आलं तरी विचारणारे दोन झाले, चार झाले की विषय बैठकीत येतोच. ड्रम भरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्रीच्या भाजीच्या देठांपासून सुरुवात करता येईल.